रात्री बाराचा भोंगा आणि कोरियातला नाताळ

कोरियन भाषेत ‘वनऑमिन’ असा एक शब्द आहे. तो चिनी मुळाच्या तीन अक्षरांचा बनलेला आहे आणि त्याचा सरळ अर्थ ‘मूळ भाषेचा माणूस’. शाळेत इंग्रजी शिकवायला येणाऱ्या परदेशी शिक्षकाला कोरियन मुलं ‘वनऑमिन सेम’ म्हणतात. ‘सेम’ म्हणजे आपलं ‘सर’ किंवा ‘बाई’.

मूळ भाषेचा माणूस कोण, हे तिथे व्हिसाचे नियम ठरवतात. परदेशी भाषा शिकवण्यासाठी ई-२ नावाचा व्हिसा लागतो, आणि इंग्रजीसाठी तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. १ जानेवारी २०१० रोजी भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार लागू झाला. पोलाद, मोटारी, रसायनं यांच्या जकातीच्या त्या जाडजूड करारात एक छोटी खिडकी होती. पदवी आणि शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना कोरियन शाळांमध्ये इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून काम करता येईल, अशी ती तरतूद. बी.एड. झालेली मी त्या खिडकीतून आत गेले.

आत गेले म्हणजे लगेच गेले असं नाही. शिक्षक पुरवणाऱ्या दोन-तीन एजंटांनी माझा फोटो पाहून ‘पालकांना वेगळी अपेक्षा असते’ असं अगदी सभ्य भाषेत कळवलं होतं. शेवटी कांगवन प्रांतातल्या एका लहान गावच्या प्राथमिक शाळेनं घेतलं. डोंगराळ मुलुख. डिसेंबरमध्ये पारा शून्याच्या खाली, आणि वर्गात छताला लावलेल्या हीटरची सारखी घरघर.

डिसेंबर लागला तशी माझ्यासोबत शिकवणारी कोरियन शिक्षिका म्हणाली, “या आठवड्यात वनऑमिन सेम ख्रिसमसचा धडा घेतात. खरा ख्रिसमस कसा असतो ते सांगायचं.”

माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत झालेलं. नाताळ म्हणजे आमच्याकडे सुट्टी. फार तर दुकानात मिळणारा प्लम केक. मुलांपुढे तयार पाठ मांडता आला असता, इंटरनेटवर ते शेकड्यानं मिळतात. पण ‘खरा ख्रिसमस’ हा शब्द डोक्यातून जाईना. ज्या देशात २५ डिसेंबर ही सरकारी सुट्टी आहे, जिथे गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतही क्रीम केकची आगाऊ नोंदणी चालते, तिथे खरा ख्रिसमस साताऱ्याच्या बाईनं का सांगायचा? त्यापेक्षा यांचा ख्रिसमस आला कुठून, हे मीच शोधू लागले. शोधताना लक्षात आलं, की कोरियात इंग्रजी आणि ख्रिसमस जवळपास एकाच बोटीतून उतरले आहेत.

बोटीतून उतरलेली माणसं

जोसन राजवटीनं शतकानुशतकं पाश्चात्त्यांना दार बंद ठेवलं होतं. १८८२ साली अमेरिकेशी तह झाला आणि दार उघडलं. तह झाला खरा, पण दोन्ही भाषा येणारी माणसं कुठे होती? म्हणून १८८३ मध्ये दुभाषे तयार करण्यासाठी ‘दोंगमुनहाक’ ही शाळा निघाली. १८८६ मध्ये राजा गोजोंगनं अधिकारी घराण्यांतल्या मुलांसाठी दुसरी शाळा काढली, ‘युग्यंग गोंगवन’. तिच्यासाठी अमेरिकेतून तीन तरुण शिक्षक बोलावले: होमर हल्बर्ट, जॉर्ज गिलमोर आणि डॅल्झेल बंकर. कोरियात इंग्रजी शिकवायला सरकारी पगारावर आलेले परदेशी शिक्षक म्हणजे हे. माझे पूर्वज म्हणायला हरकत नाही.

त्याच सुमारास मिशनरी आले. ५ एप्रिल १८८५ रोजी, ईस्टरच्या दिवशी, हेन्री अपेन्झेलर आणि होरेस अंडरवुड इंचनच्या बंदरात उतरले. अपेन्झेलरनं ‘बेजे हाकदांग’ ही शाळा काढली. पुढच्या वर्षी मेरी स्क्रँटन या बाईंनी एका विद्यार्थिनीवर मुलींची शाळा सुरू केली. तीच आजची ईह्वा, जगातल्या मोठ्या महिला विद्यापीठांपैकी एक. बेजेमध्ये मुलं येत ती मुख्यतः इंग्रजीसाठी. इंग्रजी आली की सरकारी नोकरी मिळते, हा हिशेब आपल्याला परका नाही. आपल्याकडे इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणायची जुनी रीत आहेच.

पण इथे एक मोठा फरक आहे, आणि तो कळल्याशिवाय कोरियाचं इंग्रजीवेड कळत नाही. आपल्याकडे इंग्रजी ही राज्यकर्त्यांची भाषा होती. कोरियाचे राज्यकर्ते झाले जपानी. १९१० साली जपाननं कोरिया गिळला, त्यानंतरची पस्तीस वर्षं शाळेत सक्तीची भाषा होती जपानी. शेवटच्या वर्षांत तर कोरियन बोलायला बंदी आणि नावंही जपानी घ्यायची जबरदस्ती. त्या काळात इंग्रजी ही मालकाची भाषा नव्हती. मालकाच्या डोक्यावरून पलीकडच्या जगाशी बोलायची ती भाषा होती. हल्बर्टचंच पाहा. इंग्रजी शिकवायला आलेला हा माणूस स्वतः कोरियन शिकला. जगाच्या भूगोलाचं पाठ्यपुस्तक त्यानं चिनी लिपीत न लिहिता सामान्यांच्या हंगुल लिपीत लिहिलं. १९०७ साली जपानविरुद्ध दाद मागायला गोजोंगनं हेगच्या परिषदेला गुप्त दूत पाठवले, त्या खटपटीतही तो होता. १९४९ मध्ये स्वतंत्र कोरियाच्या निमंत्रणावरून म्हातारा हल्बर्ट परत आला आणि आठवडाभरातच सोलमध्ये वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेपेक्षा कोरियाच्या मातीत पुरलं जाणं मला आवडेल, अशा अर्थाचं त्याचं वाक्य यांगह्वाजिनच्या दफनभूमीतल्या त्याच्या दगडावर आहे.

त्याच दफनभूमीत शेरवूड हॉल नावाचा एक डॉक्टर आहे. मिशनरी आईबापांच्या पोटी तो १८९३ साली सोलमध्येच जन्मला. पुढे हेजू गावात त्यानं क्षयरोग्यांसाठी रुग्णालय काढलं आणि पैसा उभा करण्यासाठी १९३२ मध्ये कोरियातलं पहिलं ‘ख्रिसमस सील’ छापलं. पाकिटावर चिकटवायचा हा शोभेचा छोटा कागद, त्याची विक्री क्षयरोग्यांसाठी. त्यावर त्याला कासवाच्या आकाराचं लढाऊ जहाज हवं होतं. पण हे जहाज सोळाव्या शतकात जपानी आरमाराला पाणी पाजणारं. जपानी अधिकाऱ्यांनी नकार दिला, मग सोलचा दक्षिण दरवाजा छापला गेला. १९४० मध्ये हॉलला कोरिया सोडावा लागला. तो गेला कुठे? भारतात. अजमेरजवळच्या मदार इथल्या क्षयरोग रुग्णालयात त्यानं पुढची वीसेक वर्षं काढली. शाळेच्या ऑफिसात डिसेंबरमध्ये ख्रिसमस सीलचे ताव आले, तेव्हा मी ही हकिकत शिक्षकखोलीत सांगितली. हॉल कोरियातून निघून कुठे गेला, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

भोंगा

१९४५ मध्ये जपान हरला आणि अडतीसाव्या अक्षांशाच्या दक्षिणेला अमेरिकन सैन्य उतरलं. मॅकआर्थरच्या ७ सप्टेंबरच्या पहिल्याच जाहीरनाम्यात एक कलम होतं: लष्करी अंमल असेपर्यंत अधिकृत भाषा इंग्रजी. पस्तीस वर्षांनी स्वतःची भाषा परत मिळालेल्या लोकांना पहिल्याच आठवड्यात हे ऐकावं लागलं. त्याच महिन्यात दुसरा हुकूम निघाला, रात्रीच्या संचारबंदीचा.

ही संचारबंदी पुढे ३६ वर्षं टिकली. अमेरिकन लष्करी राजवट गेली, युद्ध आलं नि थांबलं, सत्ता उलथल्या, संचारबंदी मात्र राहिली. तिची स्थिरावलेली वेळ रात्री बारा ते पहाटे चार. बाराला भोंगा व्हायचा. त्याआधी अर्धा तास शहरभर पळापळ, शेवटची बस, टॅक्सीसाठी झोंबाझोंबी. भोंग्यानंतर रस्त्यावर सापडलात, तर रात्र पोलीस ठाण्यात.

याला वर्षातून दोन रात्री सूट असायची: ख्रिसमसची पूर्वसंध्या आणि ३१ डिसेंबर.

२५ डिसेंबर सरकारी सुट्टी झाली १९४९ साली. तेव्हा कोरियात ख्रिस्ती लोक फार थोडे होते. पण राष्ट्राध्यक्ष सिंगमन री हे मेथडिस्ट, बेजे शाळेचे विद्यार्थी. बौद्ध परंपरेच्या या देशात बुद्धजयंतीला सुट्टी मिळायला मात्र १९७५ उजाडलं. म्हणजे ख्रिसमस वरून आला, सरकारी कागदावरून. लोकांचा तो झाला वेगळ्याच कारणानं. वर्षातल्या ज्या रात्री तुम्हाला बाराला घरी पळावं लागत नाही, ती रात्र ख्रिस्ती असो वा नसो, तरुण पोरं घरी कशाला बसतील? सोलमधल्या म्योंगदोंग भागात, जिथे १८९८ साली बांधून झालेलं कॅथेड्रल आहे, २४ डिसेंबरच्या रात्री मुंगी शिरायला जागा नसायची. आज कोरियात ख्रिसमस हा घरच्यांपेक्षा जोडप्यांचा आणि मित्रमैत्रिणींचा सण आहे. त्यात इतरही कारणं असतील, पण ती वळणं या मोकळ्या रात्रींनी पाडली आहेत.

हे पुस्तकात वाचणं वेगळं. मी सहावीच्या वर्गाला भूतकाळाचा धडा म्हणून गृहपाठ दिला: घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, तुमच्या तरुणपणी २४ डिसेंबरला तुम्ही काय करायचात? उत्तर इंग्रजीत, पाच वाक्यं.

बहुतेकांनी ‘माझे आजोबा झोपले’ असं लिहून आणलं. खेडेगावात तेच खरं असणार. एका मुलीनं मात्र वेगळं आणलं. तिची आजी तरुणपणी सोलमध्ये शिवणकामाच्या कारखान्यात होती. दिवसभर मशीन, रात्री एका खोलीत चार-पाच जणी. मुलीनं उभं राहून वाचलं: “माय ग्रँडमदर वॉक्ट ऑल नाइट. विथ फ्रेंड्स. नो मनी. नो पोलीस. शी वॉज हॅपी.”

सोबतच्या शिक्षिकेनं विचारलं, “कुठे चालत गेली?” मुलगी म्हणाली, “कुठेच नाही. नुसतीच चालली.”

वर्गाला त्यात काही विशेष वाटलं नाही. या मुलांच्या जगात रात्री बाराला दुकान उघडं असतं. शिक्षिका मात्र पुढचा तासभर गप्प होती. नंतर जेवताना म्हणाली, तिच्या आईनंही असंच काही सांगितलं होतं, पण तिला वाटायचं आई मोठं करून सांगते. संचारबंदी उठली ५ जानेवारी १९८२ रोजी, सोलला ऑलिंपिक मिळाल्यानंतर काही महिन्यांनी. ती उठल्यावर जन्मलेल्यांना भोंग्याची गोष्ट आजीबाईच्या गप्पांसारखीच वाटणार.

न उतरू दिलेले पाहुणे

गृहपाठ तपासताना मला आमच्या भागातला एक माणूस आठवला. कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. १९५३ साली कोरियन युद्ध थांबलं तेव्हा मोठा पेच होता युद्धकैद्यांचा. बावीस हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. त्यांना तटस्थ देखरेखीखाली ठेवण्याचं काम भारताकडे आलं. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि प्रत्यक्ष कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. सिंगमन री यांना भारताची तटस्थता मान्य नव्हती. भारतीय सैनिकांनी दक्षिण कोरियाच्या जमिनीवर पाऊल ठेवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मग अमेरिकनांनी आपल्या जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरनं उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं.

कैद्यांना दोन्ही बाजू समजावून सांगण्याची नव्वद दिवसांची मुदत संपली २३ डिसेंबर १९५३ रोजी. त्या नाताळात थोरातांच्या जवानांनी कोरियाच्या थंडीत काटेरी तारांबाहेर पहारा केला. परत जावं की नाही, हे ठरवणाऱ्या हजारो माणसांचं भवितव्य तारेच्या आत टांगलेलं होतं. शेवटी बहुतेकांनी नाहीच म्हटलं.

त्याआधीचा १९५० चा डिसेंबर आणखी भीषण. चिनी फौजांच्या रेट्यापुढे हुंगनाम बंदरातून माघार चालली होती. ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ या मालवाहू जहाजानं युद्धसामग्री टाकून सुमारे चौदा हजार निर्वासित भरून घेतले. जहाज कोजे बेटाला लागलं ख्रिसमसच्या दिवशी. वाटेत पाच बाळं जन्मली. खलाशांना कोरियन नावं येईनात, त्यांनी त्यांना ‘किमची एक’ ते ‘किमची पाच’ म्हटलं. कोरियात ‘ख्रिसमसचा चमत्कार’ म्हणतात तो हा. त्याचे प्रवासी आणि त्यांची नातवंडं आजही आहेत. अशा देशात ‘खरा ख्रिसमस’ शिकवायला बाहेरचं माणूस बोलावलं जातं, याची मला गंमत वाटायची आणि थोडा रागही यायचा.

ओरिंज

बोलावलं का जातं, हेही समजून घ्यायला हवं. १९६६ ते १९८१ या काळात अमेरिकन पीस कोअरचे स्वयंसेवक कोरियातल्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवत. त्यांतली एक, कॅथलीन स्टीफन्स, १९७५ मध्ये येसान या गावी आली आणि २००८ मध्ये अमेरिकेची राजदूत होऊन परतली. १९८० मध्ये लष्करी राजवटीनं खासगी शिकवण्यांवरच बंदी घातली, कारण श्रीमंतांची मुलं पुढे जात होती. बंदी पुढे सैल होत गेली आणि २००० मध्ये घटना न्यायालयानं ती मोडीत काढली. दरम्यान १९९५ मध्ये सरकारनं परदेशी शिक्षक आणण्याची मोठी योजना सुरू केली, १९९७ पासून तिसरीतच इंग्रजी सक्तीची झाली. त्याच वर्षअखेरीस अर्थव्यवस्था कोसळली आणि नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. त्यानंतर तर इंग्रजी येणं हे बुडू नये म्हणून अंगात घालायचं जाकीटच झालं.

वेड कुठवर जावं? २००८ च्या जानेवारीत नव्या राष्ट्राध्यक्षांच्या संक्रमण समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, की आपण ‘ऑरेंजि’ लिहितो म्हणून अमेरिकेत कुणाला कळत नाही, ‘ओरिंज’सारखं लिहायला हवं. देशभर त्यांची टिंगल झाली. पण टिंगल करणारे पालकही संध्याकाळी मुलांना हाग्वनला, म्हणजे खासगी शिकवणीला, धाडतच होते. सोलमध्ये हाग्वननं रात्री दहाला दिवे बंद करावेत असा नियम आहे. पालक आणि शिकवणीचालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले, २००९ मध्ये हरले. आजीसाठी बाराचा भोंगा होता, नातवंडासाठी दहाचा नियम आहे. आजी मोकळं फिरता यावं म्हणून सुटीची वाट पाहायची. नातवंडाला दहाच्या नियमामुळे निदान झोप मिळते.

डिसेंबरअखेरीस हिवाळी सुट्टी लागते आणि जानेवारीत शाळांमध्ये ‘इंग्लिश कॅम्प’ भरतात. सुट्टीत शिकवण्याची जबाबदारी अर्थातच वनऑमिनची. आमच्या कॅम्पला अठरा मुलं होती. मला त्यांना सकाळी बर्फातून शाळेत येताना पाहून वाईट वाटायचं. पण त्यांतली निम्मी येत होती ती शाळेतलं गरम जेवण आणि सोबत यांसाठी. आईबाप कामावर, आजी शेतावर किंवा दवाखान्यात. तो कॅम्प त्यांच्यासाठी शिकवणी कमी आणि पाळणाघर जास्त होता. सोलचं इंग्रजीवेड आणि आमच्या गावची गरज, दोन्ही एकाच नावाखाली चालत होती.

कॅम्पमध्ये नववर्षाचाही धडा असतो. त्यातही राजकारण आहेच. जपान्यांनी १ जानेवारीचं नववर्ष लादलं. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनीही आधुनिकतेच्या नावाखाली तेच चालू ठेवलं. चांद्र नववर्ष, सॉल्लाल, लोक घरोघरी पाळतच राहिले. १९८५ मध्ये त्याला ‘लोकपरंपरा दिन’ असं आडवळणी नाव देऊन एक दिवस सुट्टी मिळाली. खऱ्या नावानं तीन दिवसांची सुट्टी परतली १९८९ मध्ये. म्हणजे सरकारनं दिलेला ख्रिसमस लोकांनी आपला करून घेतला, आणि सरकारनं काढून घेतलेला सॉल्लाल सोडला नाही. सण कुणाचा, याचं उत्तर शेवटी पाळणाऱ्यांनी दिलं.

भाषेचंही तसंच असावं. एकदा एका मुलानं विचारलं, “तुमच्या भाषेत ख्रिसमसला काय म्हणतात?” मी फळ्यावर ‘नाताळ’ लिहिलं. हा शब्द पोर्तुगिजांचा, गोव्याकडून मराठीत आला, हे नकाशा काढून सांगितलं. मग शाळेच्या फाटकाबाहेर हिवाळ्यात विकायला असतो तो माशाच्या आकाराचा, आत लाल बीन्सचं गोड सारण भरलेला ‘बुंगऑप्पांग’ फळ्यावर काढला. त्यातला ‘पांग’ म्हणजे पाव. पोर्तुगीज खलाशांनी तो शब्द जपानला नेला, जपानहून कोरियात आला. आमचा ‘पाव’ही त्याच पोर्तुगीज शब्दाचा. मुलांनी ‘पाव, पांग, पाव, पांग’ करून वर्ग डोक्यावर घेतला.

त्या दिवशी ‘मूळ भाषेचा माणूस’ या शब्दाचा माझ्यावरचा भार बराच कमी झाला. खलाशी, मिशनरी, सैनिक, राजे, कारखान्यातल्या मुली, आणि जकातीच्या करारातल्या खिडकीतून आलेली एखादी मास्तरीण, यांच्या हातून शब्द पुढे सरकतात. मूळ शोधायला गेलं की रस्ताच सापडतो. त्या वर्षी मी मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचं एकच वाक्य पाठ करून घेतलं. ते त्यांच्यातल्याच एकीचं होतं, मी फक्त दोन तुकडे जोडून दिले: माझी आजी रात्रभर चालली, आणि ती आनंदात होती.